अकरावी न केलेली माणसे

जून हा आम्हा अध्यापकांच्या वाट्याला येणारा सर्वांत अ-साहित्यिक महिना. एरवी वर्गात कविता शिकवणारी माणसे त्या महिन्यात टेबलामागे बसून शाळा सोडल्याचे दाखले, गुणपत्रके आणि त्यांच्या झेरॉक्स प्रती तपासत असतात. काही वर्षांपूर्वीच्या अशाच एका जूनमध्ये, बाहेर पाऊस धरून बसलेला असताना, आमच्या महाविद्यालयाच्या प्रवेश समितीपुढे एक मुलगी आली. अकरावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झालेली. बारावीला तिला कला शाखेत यायचे होते. राज्य मंडळाच्या नियमांत शाखाबदलाची सोय आहे. परवानगी घ्यावी लागते, कागद हलवावे लागतात, पण गोष्ट अशक्य नसते. अडचण निराळीच होती. विषयांच्या रकान्यात तिने मानसशास्त्र लिहिले होते, आणि अकरावीला तिने मानसशास्त्र घेतलेले नव्हते.

समितीत आम्ही दोघे मराठीचे होतो. (हा लेख लिहिणारे आम्ही तिघे, तिसऱ्या बाई त्या वेळी रजेवर होत्या आणि त्याबद्दल आज त्यांना सुटल्यासारखे वाटते, असे त्यांचेच म्हणणे.) आम्ही तिचे गुण पाहिले, अर्ज उलटसुलट केला आणि अध्यापकांच्या तोंडी कायम तयार असणारे वाक्य उच्चारले: ‘पाया कच्चा राहील.’ मग तिला मानसशास्त्राऐवजी समाजशास्त्र घ्यायला सांगितले. तिने मान डोलावली, मानसशास्त्रावर काट मारली आणि सही करून ती गेली. सगळ्याला पाच मिनिटेही लागली नसतील.

या पाच मिनिटांत आम्ही किती चुका केल्या याचा हिशेब मांडायला आम्हाला पुढची काही वर्षे लागली. पहिली चूक तर इतकी ढळढळीत, की आज ती लिहिताना संकोच वाटतो. अकरावीला तिने समाजशास्त्र तरी कुठे घेतले होते? विज्ञान शाखेतून आलेल्या मुलीला कला शाखेचा कोणताही विषय कोराच असणार. पण समाजशास्त्राला पाया लागतो, हे आमच्यापैकी कोणाच्याही मनात आले नाही. ‘समाजशास्त्र काय, वाचलं की येतं’ हा त्यामागचा न उच्चारलेला विचार. आणि हाच विचार इतर विषयांचे लोक आमच्या विषयाबद्दल करतात तेव्हा आम्ही केवढे दुखावतो! ‘मराठी काय, सगळ्यांना येतंच.’ बी. कॉम. झालेली, बी. एस्सी. झालेली मुले एम. ए. मराठीला येतात तेव्हा त्यांच्या पायाविषयी फारसे कोणी विचारत नाही, आणि मर्ढेकरांच्या ‘भावनानिष्ठ समतानते’पाशी ती थबकली की मात्र आम्ही स्टाफरूममध्ये उसासे टाकतो. आपल्या विषयाला दार नाही याची खंत करणाऱ्यांनीच दुसऱ्याच्या विषयाचे दार लावून घेतले होते. तेही त्या विषयाच्या अध्यापकाला न विचारता.

त्यांना नंतर विचारले. मानसशास्त्र शिकवणारे आमचे सहकारी मितभाषी आहेत. त्यांनी आधी एक प्रश्न केला: अकरावी ‘केलेल्या’ मुलांना तरी अकरावी येते असे तुम्हाला वाटते का? हा प्रश्न महाराष्ट्रातल्या कोणत्याही कनिष्ठ महाविद्यालयात विचारावा, उत्तर एकच येईल. दहावीला मंडळाची परीक्षा, बारावीला मंडळाची परीक्षा आणि मध्ये अकरावी, जिची परीक्षा महाविद्यालयच घेते. दोन डोंगरांमधली ही खिंड बहुतेक मुले विसाव्यासाठी वापरतात. शिकवणीवर्ग अकरावीतच बारावी सुरू करतात. सतरा नंबरचा फॉर्म भरणारे तर अकरावीच्या वर्गाचे तोंडही न पाहता बारावीच्या परीक्षेला बसतात आणि मंडळाला त्यात वावगे वाटत नाही. म्हणजे आम्ही जिला परत पाठवले तिच्याकडे अकरावीचे ज्ञान नव्हते आणि जिला प्रवेश दिला तिच्याकडेही बहुधा नव्हते. दुसरीच्या गुणपत्रकावर ‘मानसशास्त्र’ हा शब्द छापलेला होता, एवढाच काय तो फरक.

मग त्यांनी बारावीचे पाठ्यपुस्तक समोर ठेवले. बालभारतीने २०२० मध्ये आणलेल्या या पुस्तकाचे पहिलेच प्रकरण मानसशास्त्र हे शास्त्र कसे, ते अभ्यास कसा करते, याविषयीचे आहे. पुढे बुद्धिमत्ता, व्यक्तिमत्त्व, बोधनिक प्रक्रिया, भावना, ताणतणाव, मानसिक विकार अशी वाट जाते. म्हणजे ज्यांनी पुस्तक लिहिले त्यांनीच दाराशी एक पायरी बांधून ठेवली होती. गणितात कलनशास्त्राच्या आधी बीजगणित यावेच लागते. ते न येता पुढे जाणारा पहिल्या ओळीतच पडतो. मानसशास्त्राचे तसे नाही. बुद्धिमत्तेचे प्रकरण वाचायला विकासाच्या अवस्थांचे प्रकरण वाचलेले असणे उपयोगी आहे, अनिवार्य नाही. ‘पाया’ हे रूपक आम्ही इमारतीवरून उचलले आणि सगळ्या ज्ञानशाखांना सरसकट लावले. मानव्यविद्या या इमारतीपेक्षा गावासारख्या असतात. त्यांत वेशीतून शिरता येते, पाणंदीने शिरता येते, आणि नदीकडूनही.

इथवर आल्यावर आम्हाला वाटले की प्रश्न सुटला. दार उघडे ठेवावे, ज्याला यायचे त्याने यावे. उदाहरणेही हाताशी होती. विल्यम जेम्स वैद्यकाची पदवी घेऊन हार्वर्डमध्ये शिकवू लागला, १८७५ च्या सुमारास मानसशास्त्राकडे वळला. आपण ऐकलेले मानसशास्त्रावरचे पहिले व्याख्यान हे आपणच दिलेले पहिले व्याख्यान होते, असे तो गमतीने सांगत असे. त्याच जेम्सने १८९० साली त्या विषयाचा पायाभूत ग्रंथ लिहिला. झां पियाजेची डॉक्टरेट प्राणिशास्त्रातली. एरिक एरिक्सनकडे तर विद्यापीठाची साधी पदवीही नव्हती. चित्रकलेच्या नादात युरोपभर भटकलेला हा माणूस पुढे हार्वर्डचा प्राध्यापक झाला आणि अहमदाबादच्या १९१८ च्या गिरणी संपाभोवती गुंफलेले गांधींवरचे त्याचे पुस्तक आजही वाचले जाते. आपल्याकडे कलकत्ता विद्यापीठात १९१६ मध्ये मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग निघाला. त्याच शहरात १९२२ साली भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन करणारे गिरींद्रशेखर बोस हे मुळात डॉक्टर. कोल्हापूरपुरते पाहिले तर राजाराम महाविद्यालयात ना. सी. फडके तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते, आणि त्या काळी मानसशास्त्र हे बहुधा तत्त्वज्ञानाच्याच ओसरीवर वाढत होते. ज्या विषयाला स्वतःचे घर मिळून फार दिवस झालेले नाहीत, त्याने दारावर पहारा बसवावा हे काहीसे विनोदीच.

परंतु ही यादी आम्ही मानसशास्त्राच्या सहकाऱ्यांना ऐकवली तेव्हा ते हसले. ‘ही सगळी पोहणाऱ्यांची नावं झाली,’ ते म्हणाले, ‘बुडालेल्यांची यादी कोणी ठेवत नाही.’ आणि मग त्यांनी जे सांगितले त्यामुळे हा लेख आम्हाला वाटला होता तितका सोपा राहिला नाही.

त्यांचे म्हणणे असे. मानसशास्त्रात माहिती राहून गेली तर भरून काढता येते. राहून जाते ती सवय. अकरावीचे वर्ष, नीट केले तर, मुलांना एका वेगळ्या तऱ्हेने पाहायला लावते. ‘तो रागीट आहे’ असे न म्हणता तो कोणत्या प्रसंगी, किती वेळा, कसा वागला हे सांगायचे. अवधान, संवेदन, अभिसंधान, प्रबलन हे शब्द तोंडात घोळवायचे. सामान्य आणि असामान्य यांच्यामध्ये भिंत नसून उतार आहे, हे हळूहळू पचवायचे. हे सगळे व्हायच्या आधी जो विद्यार्थी थेट मानसिक विकारांच्या प्रकरणावर येतो, तो पहिल्याच महिन्यात घरातल्या माणसांना नावे ठेवायला लागतो. वडील अमुक, आजी तमुक, आणि मी स्वतः तर दोन्ही. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना प्रत्येक रोग आपल्यालाच झाल्यासारखा वाटतो, ते मशहूर आहे. इथे तो शेजाऱ्यालाही झालेला दिसतो.

‘नावे ठेवणे’ या वाक्प्रचारात मराठीने केवढे शहाणपण साठवले आहे, ते आम्हाला त्या दिवशी प्रथम उमगले. बाळाचे नाव ठेवतात तो सोहळा. माणसाला नावे ठेवतात ती निंदा. एकवचनाचे अनेकवचन होते आणि अर्थ उलटतो. मानसशास्त्राची परिभाषा नेमकी या दोहोंच्या मध्ये उभी असते. राज्य शासनाच्या भाषा संचालनालयाने मानसशास्त्राचा परिभाषा कोश केला, साहित्य समीक्षेचाही केला. पण संज्ञा कोशातून उचलणे निराळे आणि वापरून वापरून ती हाताला बसणे निराळे.

आणि येथेच आम्हाला आमचा स्वतःचा आरसा दिसला. कारण अकरावीला मानसशास्त्र न घेता बारावीच्याही पुढचे मानसशास्त्र बिनदिक्कत वापरणारा मोठा वर्ग मराठीत आहेच, आणि तो म्हणजे आम्ही. एम. ए. च्या वर्गात आम्ही ‘मानसशास्त्रीय समीक्षा’ शिकवतो. फ्रॉइडचे अबोध मन, युंगचे आदिबंध, ॲडलरचा न्यूनगंड हे सगळे दोन-तीन तासिकांत उरकतो आणि लगेच कादंबरीकडे वळतो. आमच्या तिघांपैकी एकानेही मानसशास्त्राचा कोणताही प्राथमिक अभ्यासक्रम कधी केलेला नाही. आम्ही फ्रॉइड वाचला तोही बव्हंशी समीक्षकांनी सांगितलेला फ्रॉइड. त्याला १९३० मध्ये मिळालेला मोठा सन्मान गटेच्या नावाचा होता, हे आम्ही वर्गात कौतुकाने सांगतो, जणू तो आपल्याच जातीचा. पण त्याची संज्ञा तो कोणत्या रुग्णाच्या कोणत्या वागण्यापाशी उभी करतो, हे आम्हाला विचारले तर आम्ही गप्प होऊ.

त्याचे परिणाम उत्तरपत्रिकांत दिसतात. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ मधल्या बेणारेबाईंना आमचे विद्यार्थी न्यूनगंड बहाल करतात. खानोलकरांच्या कादंबऱ्यांतला प्रत्येक अंधार ‘विकृती’च्या खात्यावर जमा होतो. नायक आईशी चार शब्द प्रेमाने बोलला की इडिपस हजर. पूर्वी आम्ही याला विद्यार्थ्यांचा उथळपणा म्हणत असू. आता वाटते, त्यांनी तंतोतंत आमचेच अनुकरण केले होते. बेणारेला ज्या माणसांनी पिंजऱ्यात उभे केले तीही तिला नावेच ठेवत होती. आमच्या विद्यार्थ्याने त्या खटल्यात आणखी एक साक्षीदार उभा केला, एवढेच. नाटक ज्याच्याविरुद्ध आहे तेच त्याच्या समीक्षेने करावे, आणि त्याला आम्ही साठ टक्के गुण द्यावेत!

‘न्यूनगंड’ या शब्दाचा प्रवास तर स्वतंत्र लेखाचा विषय होईल. किती सुबक घडवलेला शब्द! ‘न्यून’ संतांपासून मराठीच्या अंगवळणी पडलेला, ‘गंड’ मात्र नवा. आज तो रिक्षाथांब्यावरही ऐकू येतो आणि त्याचा अर्थ ‘लाजाळूपणा’ इतका पातळ झाला आहे. भाषेच्या दृष्टीने हे यश आहे. समीक्षकाच्या हाती मात्र तो पातळ झालेला शब्द शास्त्राचा रुबाब घेऊन येतो, आणि घोटाळा तिथे होतो. असो.

तेव्हा प्रवेशाची अट हवी की नको, या प्रश्नाला आमचे उत्तर आता दोन तोंडांचे आहे, आणि ते तसेच राहू द्यावे असे आम्हाला वाटते. अट नको. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२५ च्या नियमांनी तर, प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण झाल्यास, आधी कोणता विषय घेतला होता याची अट न ठेवता पदवीला किंवा पदव्युत्तर वर्गाला दुसऱ्या विषयात जाण्याची वाट मोकळी केली आहे. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत नव्या शैक्षणिक धोरणानुसार वाणिज्याचा विद्यार्थी ‘ओपन इलेक्टिव्ह’ म्हणून आमच्या कवितेच्या तासाला येऊन बसतो. सगळे वारे दारे उघडण्याच्या दिशेचे आहेत आणि ज्या गावात शाहू महाराजांनी वसतिगृहे काढून, १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढून शिक्षणाची दारे उघडली, त्या गावातल्या अध्यापकांनी या वाऱ्याविरुद्ध बोलू नये. जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी मानसशास्त्र हा विषय मिळेलच याची खात्री नसते. अशा ठिकाणी अकरावी केलेली मुलगी शहरात आली तर, जो विषय तिच्या गावात शिकवलाच जात नव्हता तो तिने आधी केला नाही म्हणून तिला नाकारणे, याला काय म्हणावे?

पण अट नको म्हणताना अकरावीही नको, असे आम्ही म्हणणार नाही. आम्हाला राग येतो तो याचा, की दार उघडणारे नियम दार उघडून निघून जातात. आत आलेल्या मुलाला कोणी शब्दांची ओळख करून द्यायची, कोणी त्याच्याशेजारी बसायचे, हे त्यांत लिहिलेले नसते. जुना नियम म्हणत होता, ‘तुझी अकरावी झालेली नाही, परत जा.’ नवा म्हणतो, ‘तुझी अकरावी झालेली नसली तरी चालेल, ये.’ अकरावी नेमकी कशासाठी होती, हे दोघांनीही विचारलेले नाही. मर्ढेकरांच्या लयविचारापुढे हतबुद्ध झालेला वाणिज्याचा पदवीधर आम्हाला दर वर्षी भेटतो. संवाद, विरोध, समतोल हे तीन शब्द तो पाठ करतो, परीक्षेत लिहितो, उत्तीर्ण होतो. त्याने एकही कविता दोनदा मोठ्याने वाचलेली नसते. त्याला आम्ही प्रवेश दिला आहे, असे कागदोपत्री म्हणता येईल.

ती मुलगी आमच्यातल्या एकाला दोनेक वर्षांनी मध्यवर्ती बसस्थानकावर भेटली. गारगोटीकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत होती. समाजशास्त्र घेऊन बारावी झाली, पुढे बी. ए. ला होती. ओळख तिनेच दिली. बोलता बोलता तिने सांगितले की मानसशास्त्राचे बारावीचे पुस्तक तिने मैत्रिणीकडून आणून वाचले होते. ‘अवघड न्हवतं सर. एक-दोन शब्द कळलं न्हाईत, ते विचारून घेतलं.’ तक्रारीचा सूर नव्हता. मग, विचारल्यावर, तिने हेही सांगितले की घरी तिचा मोठा भाऊ होता, त्याच्यावर मिरजेत उपचार चालले होते, आणि डॉक्टर जे बोलत ते घरात कोणालाच समजत नसे. म्हणून तिला तो विषय हवा होता.

समितीसमोर आम्ही तिला तिचे गुण विचारले होते. हा विषय कशासाठी हवा, हे विचारले नव्हते. सहकाऱ्यांनी सांगितलेला धोका आता आम्हाला ठाऊक आहे: विकारांच्या प्रकरणात तिला भाऊच दिसला असता. पण तो तिला तसाही दिसलाच. फरक एवढाच की तेव्हा वर्गात तिच्यासमोर कोणी अध्यापक नव्हता, ज्याला ती म्हणू शकली असती की सर, हे आमच्या घरचं आहे का? एकटीने मैत्रिणीचे पुस्तक वाचून तिने त्या शब्दांचे काय केले असेल, भावाला नाव ठेवले असेल की त्याच्या वागण्याला नाव सापडल्यामुळे घर थोडे शांत झाले असेल, हे विचारायच्या आत गाडी लागली.

यंदाच्या जूनमध्ये तसाच एक अर्ज आला. या वेळी आम्ही मानसशास्त्राच्या सहकाऱ्यांना आधी बोलावले. त्यांनी मुलाला हा विषय का हवा ते विचारले, बालभारतीच्या संकेतस्थळावर अकरावीचे पुस्तक मोफत मिळते ते दाखवले, त्यातली कोणती प्रकरणे आधी वाचायची यावर पेन्सिलने खुणा केल्या आणि दर शनिवारी शेवटच्या तासानंतर येऊन बसायला सांगितले. परवानगीचा कागद पुढे गेला आहे.

तो मुलगा गेल्यावर त्यांनी आमच्याकडे पाहिले आणि विचारले, ‘तुम्ही कधी येताय?’ आम्ही गमतीत होकार दिला होता, पण ते गमतीत विचारत नव्हते. सध्या आम्ही तिघे शनिवारी त्या मुलाच्या मागच्या बाकावर असतो. दोन प्रकरणे झाली. स्वाध्याय लिहून दाखवायचे आहेत. मुलाने दाखवले, आमच्यापैकी फक्त बाईंनी.